जिओर्दानो ब्रुनो (१५४८-१६००) : अध्यापकाचे व्यासपीठ आणि श्रद्धेची अट

प्रस्तावना

मराठी वाचकाला जिओर्दानो ब्रुनोची ओळख बहुधा विज्ञानाच्या हुतात्म्यांच्या यादीतून होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे म्हटल्याबद्दल चर्चने त्याला जिवंत जाळले, एवढ्या एका वाक्यात त्याचे चरित्र संपते. हे वाक्य पूर्णपणे खोटे नाही. परंतु ते इतके अपुरे आहे की त्यामुळे ब्रुनोच्या आयुष्यातील खरा संघर्ष झाकला जातो. कोपर्निकसचा ग्रंथ इ.स. १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि रोमने त्याविरुद्ध पहिला अधिकृत निर्णय दिला तो इ.स. १६१६ मध्ये. ब्रुनोला १६०० मध्ये जाळले गेले, त्या वेळी सूर्यकेंद्री मत बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा ठरलेला नव्हता. मग त्याला का जाळले? या प्रश्नाचे उत्तर खगोलशास्त्राच्या इतिहासापेक्षा विद्यापीठांच्या इतिहासात अधिक सापडते. ब्रुनो हा आयुष्यभर अध्यापनासाठी व्यासपीठ शोधत फिरलेला माणूस होता, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील जवळजवळ प्रत्येक व्यासपीठाला एका विशिष्ट धर्मश्रद्धेची अट जोडली गेली होती. प्रस्तुत लेखात ब्रुनोच्या चरित्राचा विचार या अंगाने केला आहे.

मठातील शिक्षण

ब्रुनोचा जन्म १५४८ मध्ये नेपल्सजवळील नोला या गावी झाला. नेपल्सचे राज्य त्या काळी स्पेनच्या राजसत्तेखाली होते. वडील जिओव्हानी हे सैनिकी पेशातले; आईचे नाव फ्राउलिसा साव्होलिनो. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे नाव फिलिप्पो ठेवले गेले. नोलाजवळच्या चिकाला टेकडीवरून लहानपणी त्याला दूरचा व्हेसुव्हियस उजाड आणि भकास दिसे. पुढे तो व्हेसुव्हियसपाशी गेला तेव्हा ती भूमी द्राक्षवेलींनी आणि झाडांनी भरलेली असल्याचे आणि तेथून आपली चिकाला टेकडीच भकास भासत असल्याचे त्याला आढळले. ही आठवण त्याने प्रौढ वयात, विश्वाच्या अनंतत्वावरील लॅटिन काव्यात नोंदवली आहे. ज्याने पुढे विश्वाला केंद्रच नाही असे प्रतिपादन केले, त्याने ही बालपणीची साक्ष जपून ठेवावी यात नवल नाही.

१५६२ च्या सुमारास तो शिक्षणासाठी नेपल्सला आला आणि १५६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सान दोमेनिको माज्जोरे येथील डॉमिनिकन मठात दाखल झाला. तेथे त्याला जिओर्दानो हे नाव मिळाले. डॉमिनिकन हे एकांतात राहणारे मठवासी नव्हेत. १२१६ मध्ये मान्यता मिळालेला हा भिक्षूंचा संघ प्रवचन आणि अध्यापन यांसाठीच स्थापन झाला होता व युरोपातील मोठ्या विद्यापीठांत त्याची माणसे शिकवीत असत. याच नेपल्सच्या मठात तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने आपल्या अखेरच्या वर्षांत अध्यापन केले होते. अक्वायनसने अ‍ॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र यांची जी सांगड घातली, ती ब्रुनोच्या काळापर्यंत इतकी घट्ट झाली होती की एकाला धक्का लावला की दुसऱ्याला हादरा बसे. उदाहरणार्थ, मिस्सेतील भाकरीचे ख्रिस्तशरीरात रूपांतर होते हा सिद्धान्त 'द्रव्य' आणि 'गुण' या अ‍ॅरिस्टॉटलच्या संज्ञांत मांडला जात असे. द्रव्य बदलते, गुण तेच राहतात, असे त्याचे स्पष्टीकरण होते. या संज्ञाच नाकारणारा तत्त्ववेत्ता, त्याची इच्छा असो वा नसो, धर्मशास्त्राच्या अंगणात उभा राही. ब्रुनोचे पुढचे सारे दुर्दैव या सांगडीतून उगवले आहे.

मठात त्याच्याविरुद्ध कुरबुरी लवकरच सुरू झाल्या. आपल्या खोलीतील संतांची चित्रे काढून त्याने फक्त क्रूस ठेवला. कुमारी मेरीच्या आनंदांवरील भाविक पुस्तक वाचणाऱ्या एका नवशिष्याला त्याने त्यापेक्षा प्राचीन धर्मपित्यांची चरित्रे वाच, असे सुचवले. तरीही १५७२ मध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली आणि १५७५ मध्ये धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला. त्यानंतर मात्र प्रकरण चिघळले. चौथ्या शतकातील पाखंडी ठरलेल्या एरियसचे मत विरोधक सांगतात तितके अडाणी नव्हते, असे तो एका चर्चेत बोलून गेला. त्याच सुमारास, इरॅस्मसच्या टीपा असलेले बंदी घातलेले ग्रंथ त्याने मठाच्या शौचकूपात टाकल्याचे उघडकीस आले. १५७६ मध्ये तो रोमला पळाला. तेथेही चौकशी पाठीशी लागल्यावर त्याने भिक्षूचा झगा उतरवला आणि उत्तरेची वाट धरली.

अध्यापकाची भ्रमंती

पळून गेलेल्या या भिक्षूला उपजीविकेचे एकच साधन ठाऊक होते, ते म्हणजे शिकवणे. जेनोवाच्या किनाऱ्यावरील नोली या छोट्या गावी तो मुलांना व्याकरण आणि प्रतिष्ठित गृहस्थांना 'गोल', म्हणजे प्राथमिक खगोलशास्त्र, शिकवू लागला. पुढील पंधरा वर्षे हाच क्रम बदलत्या गावांतून चालू राहिला.

या भ्रमंतीची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी पोप चौथा पायस याने फर्मान काढले की कॅथलिक विद्यापीठांत पदवी घेणाऱ्याने व शिकवणाऱ्याने कॅथलिक श्रद्धेची विधिपूर्वक घोषणा केली पाहिजे. प्रॉटेस्टंट प्रदेशांतील विद्यापीठे आपापल्या राजाच्या आणि पंथाच्या निष्ठेशी अशीच बांधली जात होती. मध्ययुगात पॅरिसचा पदवीधर बोलोन्यात, बोलोन्याचा ऑक्सफर्डमध्ये शिकवू शके, कारण सगळ्यांचे चर्च एकच होते. ब्रुनोच्या काळात नकाशावर रेषा पडल्या होत्या, आणि तो मात्र जुन्या काळातल्यासारखा, केवळ विद्येच्या बळावर, एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ पाहत होता.

१५७९ मध्ये तो कॅल्व्हिनच्या जिनिव्हात आला. इटालियन निर्वासितांचा पुढारी असलेल्या व्हिकोच्या मार्क्वीसने त्याला कपडे दिले, मुद्रणालयात मुद्रिते तपासण्याचे काम त्याला मिळाले आणि तेथील अकादमीत त्याचे नाव नोंदले गेले. काही महिन्यांतच त्याने अकादमीतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आंत्वान द ला फे यांच्या एकाच व्याख्यानातील वीस चुका दाखवणारे पत्रक छापले. लेखक आणि मुद्रक दोघांनाही अटक झाली. ब्रुनोला प्रभुभोजनाच्या विधीतून वगळण्यात आले. माफी मागितल्यावर ती बंदी उठली, परंतु त्या शहरात त्याचे मन पुन्हा रमले नाही. येथे ब्रुनोचा स्वभाव डोळ्यांआड करता येत नाही. त्याची लेखणी उपहासात रंगे आणि आश्रय देणाऱ्यालाही सोडत नसे. त्याच्या साऱ्या विपत्ती केवळ विचारांमुळे आल्या, असे त्याच्या चाहत्यांनी लिहिले असले तरी ते पटण्यासारखे नाही.

तुलूझमध्ये त्याला पहिल्यांदा स्थैर्य लाभले. तेथे त्याने पदवी मिळवली, तत्त्वज्ञानाच्या नियमित अध्यापकाची जागा त्याला मिळाली आणि सुमारे दोन वर्षे तो अ‍ॅरिस्टॉटलच्या आत्म्यावरील ग्रंथावर व्याख्याने देत होता. फ्रान्समधील धर्मयुद्धांची झळ जवळ येताच १५८१ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे ईश्वराच्या तीस विशेषणांवर त्याने दिलेली व्याख्याने गाजली आणि राजा तिसरा हेन्री याने त्याला बोलावून घेतले. राजाला कुतूहल होते ते ब्रुनोच्या स्मरणविद्येचे. ही विद्या आपल्याकडील अष्टावधानासारखी नुसती करामत नव्हती. मनात एक इमारत कल्पून तिच्या दालनांत ठसठशीत प्रतिमा मांडायच्या व त्यांच्यामागून विषयाचे मुद्दे आठवायचे, ही वक्तृत्वशास्त्रातील जुनी पद्धत होती. ब्रुनोने तिला फिरत्या चक्रांची जोड दिली. अक्षरे आणि प्रतिमा यांच्या संयोगातून सर्व ज्ञानाची रचनाच मनात उभी करता येईल, अशी त्याची उमेद होती. १५८२ मध्ये 'दे उंब्रिस इदेआरुम' हा या विषयावरील ग्रंथ त्याने राजाला अर्पण केला. पॅरिसमध्ये नियमित प्राध्यापकाला मिस्सेला हजर राहावे लागे आणि बहिष्कृत भिक्षूला ते शक्य नव्हते. म्हणून राजाच्या कृपेने त्याला विशेष व्याख्यात्याचे स्थान देण्यात आले. श्रद्धेची अट राजाच्या मर्जीने तेवढ्यापुरती बाजूला ठेवली गेली. परंतु नियम नियमच राहिला.

इंग्लंड : ऑक्सफर्डमधील अपमान, लंडनमधील ग्रंथ

१५८३ च्या वसंतात ब्रुनो इंग्लंडला गेला आणि फ्रेंच राजदूत मिशेल द कास्तेल्नो याच्या घरी राहू लागला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पोलिश सरदार आल्बर्ट लास्की याच्या भेटीनिमित्त ऑक्सफर्डमध्ये वादसभा झाली, तीत ब्रुनोने भाग घेतला. नंतर त्याने तेथे व्याख्याने सुरू केली, पण ती थोड्याच दिवसांत बंद पडली. या प्रसंगाची दुसरी बाजू जॉर्ज अ‍ॅबट या पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेल्या विद्वानाने १६०४ मध्ये नोंदवली. ब्रुनो पृथ्वी फिरते असे सांगत होता, पण खरे तर त्याचेच डोके फिरलेले होते, अशी त्याची थट्टा आहे. मात्र अ‍ॅबटचा मुख्य आक्षेप निराळा होता. फ्लॉरेन्सचा तत्त्ववेत्ता फिचिनो याच्या ग्रंथातील मजकूर ब्रुनो स्वतःचा म्हणून सांगत असल्याचे एका श्रोत्याच्या ध्यानात आले आणि तिसऱ्या व्याख्यानानंतर त्याला हे दाखवून देण्यात आले. अ‍ॅबट हा कट्टर प्युरिटन वळणाचा असल्याने त्याची साक्ष सावधपणे घ्यावी लागते. तरी आरोपात तथ्य नव्हते असेही म्हणता येत नाही.

ऑक्सफर्डने नाकारलेले व्यासपीठ ब्रुनोने लंडनच्या छापखान्यात उभे केले. १५८४ आणि १५८५ या दोन वर्षांत त्याचे सहा इटालियन संवाद प्रसिद्ध झाले. त्यांपैकी दोन त्याने सर फिलिप सिडनी या कवीला अर्पण केले. 'ला चेना दे ले चेनेरी' म्हणजे 'राखेच्या बुधवारचे भोजन' या संवादात कोपर्निकसचे समर्थन आणि ऑक्सफर्डच्या पंडितांची रेवडी ही दोन्ही एकत्र आहेत. 'दे ल'इन्फिनितो' या संवादात मात्र तो कोपर्निकसच्या फार पुढे जातो. कोपर्निकसने पृथ्वीला केंद्रातून हलवून सूर्याला तेथे बसवले. ब्रुनोने केंद्र ही कल्पनाच काढून टाकली. विश्व अनंत आहे, सूर्य हा असंख्य ताऱ्यांपैकी एक आहे, त्या ताऱ्यांभोवतीही पृथ्वीसारखी जगे फिरत आहेत आणि तेथेही सजीव असू शकतील, असे त्याने मांडले. निर्मात्याची शक्ती अनंत असेल तर तिचे कार्यही अनंतच असले पाहिजे, हा त्यामागील युक्तिवाद होता.

या युक्तिवादाचे स्वरूप पाहिले की ब्रुनोला आजच्या अर्थाने वैज्ञानिक का म्हणता येत नाही ते कळते. त्याने दुर्बीण पाहिली नव्हती, वेध घेतले नव्हते, आणि गणिताकडे त्याचे लक्ष नसे. कोपर्निकसच्या आकृतीचा अर्थ लावताना त्याने पृथ्वी आणि चंद्र यांना एकाच लहान वर्तुळाच्या परिघावर बसवले, ही साधी चूक होती. फ्रान्सेस येट्स या इंग्रज विदुषीने १९६४ मध्ये ब्रुनोला हर्मेटिक गूढविद्येच्या परंपरेत ठेवून पाहिले. तिच्या निष्कर्षांना नंतरच्या अभ्यासकांनी मुरड घातली असली, तरी त्याच्या विचारातील जादूविद्येचा धागा दुर्लक्षिता येत नाही. तरीही केवळ तर्काच्या बळावर त्याने रेखाटलेले विश्वाचे चित्र त्याच्या समकालीन खगोलज्ञांच्या चित्रापेक्षा आजच्या ज्ञानाला अधिक जवळचे आहे, हेही खरे.

जर्मनीतील वर्षे

१५८५ मध्ये तो पॅरिसला परतला. पुढील वर्षी काँब्रे महाविद्यालयात अ‍ॅरिस्टॉटलविरोधी १२० सूत्रांवर झालेल्या सभेत गोंधळ झाला आणि त्याने पॅरिस सोडले. मारबुर्गच्या कुलगुरूंनी त्याचे नाव नोंदवून घेतले, पण तत्त्वज्ञानाच्या जाहीर अध्यापनाची परवानगी नाकारली. विटेनबर्गमध्ये अनुभव उलट आला. मार्टिन ल्यूथरच्या या विद्यापीठात त्याने १५८६ ते १५८८ अशी दोन वर्षे अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्कग्रंथांवर व्याख्याने दिली. तेथे प्रकाशित केलेल्या एका ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्याने विद्यापीठाचे आभार मानले आहेत, आणि त्यांचे कारण लक्षणीय आहे: आपण कोणत्या धर्माचे, हे येथे कोणी विचारले नाही; आपण तत्त्वज्ञानाचे उपासक आहोत एवढेच पुरेसे मानले गेले. ब्रुनोच्या साऱ्या लिखाणात संस्थेविषयी इतकी निखळ कृतज्ञता अन्यत्र क्वचितच आढळते.

परंतु सॅक्सनीत सत्ताबदल होऊन कॅल्व्हिनपंथीयांचे वजन वाढले आणि मार्च १५८८ मध्ये त्याने निरोपाचे भाषण केले. प्रागमध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याने ३०० थालर दिले, नोकरी मात्र दिली नाही. हेल्मस्टेट येथील नव्या विद्यापीठात १५८९ मध्ये तो दाखल झाला. तेथील ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाने त्याला जाहीरपणे बहिष्कृत केले. अशा रीतीने कॅथलिक, कॅल्व्हिनपंथी आणि ल्यूथरपंथी या तिन्ही चर्चशी त्याचे वितुष्ट आले. फ्रँकफुर्टमध्ये १५९१ साली त्याची तीन मोठी लॅटिन काव्ये छापली गेली. त्याच शहरात जिओव्हानी मोचेनिगो या व्हेनिसच्या उमरावाचे निमंत्रण त्याच्या हाती आले. उमरावाला स्मरणविद्या शिकायची होती.

परतण्याचा निर्णय

इन्क्विझिशनच्या हाती सापडण्याचा धोका असताना ब्रुनो इटलीत का परतला, हा चरित्रकारांना छळणारा प्रश्न आहे. व्हेनिसचे प्रजासत्ताक रोमपुढे सहसा झुकत नसे आणि त्याच्या पादुआ विद्यापीठात जर्मन प्रॉटेस्टंट विद्यार्थीही शिकत, ही एक बाजू. दुसरी बाजू अध्यापकाची. पादुआतील गणिताचे अध्यासन १५८८ मध्ये मोलेती यांच्या निधनापासून रिकामे होते. ब्रुनो १५९१ मध्ये व्हेनिसला येताच थोड्याच काळात पादुआला गेला आणि तेथे जर्मन विद्यार्थ्यांना खासगी शिकवण्या देऊ लागला. हे अध्यासन त्याच्या मनात होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सप्टेंबर १५९२ मध्ये त्यावर नेमणूक झाली ती गॅलिलिओ गॅलिली या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाची. तोपर्यंत ब्रुनो तुरुंगात होता.

आणखी एक आशा होती. जानेवारी १५९२ मध्ये आठवा क्लेमेंट पोप झाला आणि त्याने अ‍ॅरिस्टॉटलचा कडवा विरोधक असलेल्या फ्रान्चेस्को पात्रित्सी याला रोमच्या विद्यापीठात प्लेटोचे तत्त्वज्ञान शिकवण्यास नेमले. पात्रित्सीला जे मिळाले ते आपल्यालाही मिळेल, असे ब्रुनोला वाटले असावे. एक ग्रंथ पोपला अर्पण करून क्षमा मागावी आणि मठात न परतता विद्याव्यासंग करीत राहावे, असा त्याचा बेत होता. पात्रित्सीच्या ग्रंथावरही पुढे काही वर्षांतच बंदी आली, ही गोष्ट ब्रुनोला कळण्याजोगी नव्हती.

खटला

मोचेनिगोला अपेक्षित विद्या मिळाली नाही. आपला गुरू काही रहस्ये लपवून ठेवतो, असा त्याला संशय आला. ब्रुनो फ्रँकफुर्टला परत जाण्याची तयारी करू लागताच मोचेनिगोने त्याला घरात कोंडले आणि २३ मे १५९२ रोजी व्हेनिसच्या इन्क्विझिशनकडे लेखी तक्रार केली. हा शब्द मराठी वाचकाला गोव्याच्या संदर्भात परिचित आहे. परंतु १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले न्यायालय पोर्तुगीज राजसत्तेशी बांधलेले होते, तर १५४२ मध्ये पुनर्रचना झालेले रोमन इन्क्विझिशन थेट पोपच्या अधिकाराखाली चाले. तक्रारीत आरोप अनेक होते: ख्रिस्त हा जादूगार होता असे म्हणणे, त्रैक्य नाकारणे, मिस्सेतील रूपांतर न मानणे, आत्मे एका देहातून दुसऱ्या देहात जातात असे मानणे, आणि असंख्य जगे आहेत असे सांगणे.

व्हेनिसमध्ये ब्रुनोने जो बचाव मांडला तो त्याच्या आयुष्याचे सार म्हणावा असा आहे. आपण जे लिहिले ते तत्त्वज्ञ म्हणून, निसर्गदत्त बुद्धीच्या प्रकाशात लिहिले. श्रद्धेच्या विरुद्ध शिकवण देण्याचा हेतू नव्हता, असे तो म्हणाला. म्हणजे त्याने तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांच्यामध्ये भिंत मागितली. त्रैक्याबाबत आपल्याला शंका होत्या, हे त्याने मान्य केले. ३० जुलैला गुडघे टेकून त्याने क्षमा याचली. प्रकरण तेथेच मिटण्याची शक्यता होती. पण रोमने त्याची मागणी केली. तो व्हेनिसचा नागरिक नाही, पळालेला भिक्षू आहे आणि नेपल्स व रोममध्ये त्याच्यावर जुनी प्रकरणे आहेत, ही कारणे पुढे आली. व्हेनिसच्या सिनेटने प्रथम नकार दिला आणि नंतर मान्यता दिली. २७ फेब्रुवारी १५९३ रोजी तो रोमच्या तुरुंगात दाखल झाला.

एका साक्षीदाराच्या बळावर दोषी ठरवता येत नाही, असा इन्क्विझिशनचा नियम होता, आणि मोचेनिगो हा एकटाच होता. ही उणीव भरून निघाली ती ब्रुनोबरोबर व्हेनिसच्या कोठडीत असलेल्या कैद्यांकडून. चेलेस्तिनो नावाच्या काप्युचिन भिक्षूने त्याच्याविरुद्ध तक्रार केली आणि कोठडीतील इतरांनी कमीअधिक दुजोरा दिला. सुटकेच्या आशेने दिलेल्या अशा साक्षींचे मोल काय, हे निराळे सांगायला नको. पुढे त्या चेलेस्तिनोलाही सप्टेंबर १५९९ मध्ये काम्पो दे' फियोरी चौकातच जाळण्यात आले.

रोममध्ये ब्रुनोचे ग्रंथ तपासण्यात आले आणि प्रश्न कोठडीतील गप्पांवरून तत्त्वज्ञानाकडे वळले. पृथ्वीच्या गतीविषयीही त्याला विचारले गेले. पवित्र शास्त्र सामान्य माणसांच्या भाषेत बोलते, असे त्याचे उत्तर होते. जानेवारी १५९९ मध्ये, धर्मशास्त्री रोबेर्तो बेलार्मिनो याच्या सूचनेवरून, त्याच्यापुढे आठ विधाने ठेवून ती पाखंड म्हणून नाकारण्यास सांगण्यात आले. फेब्रुवारीत त्याने तयारी दाखवली, नंतर अटी घातल्या, पुन्हा मान्यता दिली, पुन्हा निवेदने लिहिली. सात वर्षांच्या कैदेनंतरची ही चलबिचल त्याच्या पुतळ्याला शोभत नसली तरी माणसाला शोभते. २१ डिसेंबर १५९९ रोजी मात्र त्याने स्पष्ट सांगितले की आपल्याला मागे घेण्यासारखे काही नाही आणि काय मागे घ्यावे हेही आपल्याला कळत नाही.

८ फेब्रुवारी १६०० रोजी शिक्षा वाचली गेली. ती ऐकून तो न्यायाधीशांना म्हणाला की निकाल ऐकणाऱ्या माझ्यापेक्षा तो देणाऱ्या तुम्हालाच कदाचित अधिक भीती वाटत असेल. हे सांगणारा कास्पार शोप्पे नावाचा जर्मन विद्वान तेथे हजर होता आणि तो स्वतः नुकताच कॅथलिक झालेला, ब्रुनोचा विरोधक होता. म्हणून ही साक्ष विश्वसनीय मानली जाते. १७ फेब्रुवारीला जीभ बांधून त्याला काम्पो दे' फियोरीत नेण्यात आले आणि जिवंत जाळण्यात आले. त्याचे सर्व लेखन १६०३ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेले. गॅलिलिओच्या प्रकाशित ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही. १६१० मध्ये केप्लरने गॅलिलिओच्या शोधांवर लिहिताना ब्रुनोचे नाव उघडपणे घेतले. अनंत विश्वाची कल्पना मात्र त्याला स्वीकारता आली नाही.

खटल्याच्या कागदपत्रांची कथा

ब्रुनोला नेमके कशासाठी जाळले यावर वाद राहिला, त्याचे एक कारण कागदपत्रांच्या नाशात आहे. नेपोलियनच्या आज्ञेने १८१० च्या सुमारास रोमचे दप्तर पॅरिसला नेण्यात आले. साम्राज्य कोसळल्यावर ते परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून इन्क्विझिशनच्या खटल्यांचे असंख्य खंड तेथेच फाडून रद्दीत विकले गेले. ब्रुनोच्या खटल्याची मूळ रोमन कागदपत्रे त्यातच गेली असावीत. रोममधील चौकात १८८९ मध्ये एत्तोरे फेर्रारी याने घडवलेला पुतळा उभा राहिला, तेव्हा समर्थक आणि विरोधक दोघांच्याही हाती मुख्यतः व्हेनिसमधील जबान्याच होत्या. १९४० मध्ये व्हॅटिकनचे दप्तरपाल आंजेलो मेर्काती यांना नवव्या पायसच्या खासगी कागदांत खटल्याचा एक सारांश सापडला आणि १९४२ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. खटल्याच्या उत्तरार्धाचे आजचे बहुतेक ज्ञान या सारांशावर आणि लुईजी फिर्पो यांच्या त्यावरील संशोधनावर उभे आहे. अल्बर्टो मार्टिनेझ यांनी २०१८ मध्ये असा मुद्दा मांडला की असंख्य जगांचे मत जुन्या पाखंड-याद्यांत आधीपासूनच नोंदलेले होते, त्यामुळे ब्रुनोचे विश्वचित्र खटल्यात दुय्यम नव्हते. शोप्पेच्या पत्रातील आरोपांतही ते येतेच. मात्र बेलार्मिनोच्या सूचनेवरून ब्रुनोपुढे ठेवलेल्या त्या आठ विधानांची पूर्ण यादी अद्याप उपलब्ध झालेली नाही.